‘सगळं ट्रस्टमध्ये टाका’ असं सांगितलंय, टाकावं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुम्ही ७१ वर्षांचे, राज्य सरकारच्या पाटबंधारे खात्यातून निवृत्त. पत्नी ६६ वर्षांच्या, शिक्षिका होत्या. थोरली मुलगी न्यू जर्सीत स्थायिक. धाकट्या मुलाचं वय ३१, त्याला बौद्धिक अक्षमता आहे. स्वतःचं आवरतो, जेवतो, ओळखीच्या रस्त्यानं दूध आणतो, पण पैशाचा व्यवहार त्याला कळत नाही. कोथरूडचा राहता फ्लॅट दोघांच्या नावावर, कर्वेनगरला वन-बीएचके भाड्यानं दिलेला, एफडी आणि म्युच्युअल फंड मिळून ८५ लाख, शिवाय साताऱ्याकडच्या वडिलोपार्जित जमिनीत भावांबरोबर सामाईक हिस्सा. एका सल्लागारानं सांगितलं की हे सगळं कधीही रद्द न होणाऱ्या ट्रस्टमध्ये टाका, मुलगी आणि जावई यांना ट्रस्टी करा, वाटप त्यांच्या मर्जीवर ठेवा. कर वाचेल, वारसा कर आला तरी झळ लागणार नाही, भांडणं होणार नाहीत. हे करावं का, असं तुम्ही विचारलंय. मुलीला आत्ता सांगावं का, हेही.

ट्रस्ट करा. तुमच्या घरात त्याची खरी गरज आहे. पण सगळं त्यात टाकू नका, आत्ता तर नाहीच, आणि ट्रस्टी तेवढे दोघंच नकोत. गेली २६ वर्षं मी पुण्यात मृत्युपत्रं, बक्षीसपत्रं आणि कौटुंबिक ट्रस्टचं काम करते. माझ्याकडे ट्रस्टसाठी येणाऱ्या दहातल्या सात-आठ जणांना मी ट्रस्ट करू नका असंच सांगते. मुलं सज्ञान, कमावती, आपापलं बघणारी असतील तर नीट लिहिलेलं, नोंदवलेलं मृत्युपत्र पुरतं. जिला किंवा ज्याला मालमत्ता मिळणार ती व्यक्ती स्वतः ती सांभाळू शकत नसेल, तेव्हा मात्र ट्रस्टला पर्याय नाही. मृत्युपत्रानं फ्लॅट मुलाच्या नावावर होईल, पण त्या फ्लॅटचा मेंटेनन्स कोण भरणार, भाडेकरू कोण बदलणार, मुलाकडून कुणी कोऱ्या कागदावर अंगठा घेतला तर कोण अडवणार, याचं उत्तर मृत्युपत्रात नसतं.

आधी एक गैरसमज दूर करते. तुमचा ट्रस्ट खाजगी. तो १८८२ च्या भारतीय न्यास कायद्याखाली येतो. देवळं, शाळा, वाचनालयं यांचे सार्वजनिक ट्रस्ट धर्मादाय आयुक्तांकडे नोंदवतात, त्या कार्यालयाशी तुमचा संबंध नाही. दुसरं म्हणजे कंपनीसारखं ट्रस्टला स्वतंत्र कायदेशीर अस्तित्व नसतं. मालमत्ता ट्रस्टींच्या नावावर लागते, उपभोग लाभार्थ्याचा. म्हणूनच ट्रस्टी कोण, या एका निर्णयावर सगळं उभं असतं. डीडची, म्हणजे ट्रस्टच्या दस्ताची, भाषा कितीही चोख असली तरी माणूस चुकीचा निवडला तर ती फारशी कामाला येत नाही.

वारसा कराचं म्हणाल, तर भारतात आज तो नाही. १९५३ साली आलेला इस्टेट ड्युटीचा कायदा १९८५ मध्ये गेला. तो पुन्हा येईल या भीतीनं आपल्या हयातीतलं नियंत्रण सोडून देणं मला पटत नाही.

आयकराबाबत तुम्हाला दिलेला सल्ला तर उलटाच आहे. कोणाला किती द्यायचं हे ट्रस्टींच्या मर्जीवर सोडलं, म्हणजे लाभार्थ्यांचे हिस्से ठरलेलेच नसले, तर ट्रस्टच्या उत्पन्नावर साधारणपणे पहिल्या रुपयापासून सर्वात वरच्या दरानं कर लागतो. हिस्से ठरलेले असले तर लाभार्थ्याच्या स्वतःच्या स्लॅबप्रमाणे लागतो. तुमच्या मुलाला दुसरं उत्पन्न नाही. उत्पन्नाचा लाभार्थी तो एकटाच आहे असं डीडमध्ये स्वच्छ लिहिलंत तर कराचा बोजा बराच हलका होतो. तो सज्ञान असल्यामुळे त्याचं उत्पन्न तुमच्या उत्पन्नात मिसळलंही जात नाही. पण ट्रस्ट रद्द करण्याचा अधिकार तुम्ही स्वतःकडे ठेवलात तर त्याचं उत्पन्न तुमचंच धरलं जातं. १ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या कायद्याच्या जागी २०२५ चा नवा आयकर कायदा आलाय, कलमांचे आकडे बदललेत. तेव्हा जुन्या नमुन्यावरून उतरवलेलं डीड कुणी दिलं तर सीएंच्या नजरेखालून घातल्याशिवाय सही करू नका.

आता माझ्याकडे आलेली एक केस सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत. वडिलांनी ट्रस्ट डीड केलं होतं. पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर, नोटरीचा लाल शिक्का, प्रत्येक पानावर सह्या, प्लॅस्टिकच्या फाइलमध्ये नीट लावलेलं. परिशिष्टात फ्लॅटचा पत्ता, एफडीचे नंबर, सगळं होतं. ते वारल्यावर आई ती फाइल घेऊन माझ्याकडे आली. स्थावर मालमत्तेचा ट्रस्ट हयातीत करायचा तर दस्त दुय्यम निबंधकांकडे नोंदवावाच लागतो, नोटरी चालत नाही. तो नोंदवलाच नव्हता. एफडी वडिलांच्याच नावावर राहिल्या होत्या. ट्रस्टच्या नावानं बँकेत खातं उघडलेलं, त्यात सुरुवातीला भरलेले ११०० रुपये आणि त्यावरचं व्याज. ट्रस्टमध्ये खरोखर आलेली मालमत्ता एवढीच. ट्रस्ट आहे म्हणून त्यांनी मृत्युपत्रही केलं नव्हतं. त्यामुळे फ्लॅट हिंदू उत्तराधिकार कायद्यानं पत्नी, मुलगी आणि अक्षम मुलगा यांच्यात समान वाटला गेला. तो विकून लहान घर घ्यायचं म्हटलं तर मुलाची सही हवी, ती त्याला करता येत नाही. कायदेशीर पालक नेमून, परवानगी काढून ते घर विकलं जाईपर्यंत त्या माउलीची तीन वर्षं गेली.

मालमत्ता ट्रस्टमध्ये प्रत्यक्ष न्यावी लागते. डीडवर सही झाली की पॅन काढायचा, खातं उघडायचं आणि जे ट्रस्टचं म्हणून लिहिलंय ते खरोखर ट्रस्टींच्या नावावर करायचं. परिशिष्टात नुसता उल्लेख करून ते होत नाही.

मग फ्लॅट आत्ताच ट्रस्टमध्ये घालावेत का? माझं मत, नको. महाराष्ट्रात राहतं घर नवरा, बायको, मुलगा, मुलगी, नातवंडं यांना बक्षीसपत्रानं दिलं तर मूळ मुद्रांक शुल्क २०० रुपये. ही सवलत त्या नात्यातल्या व्यक्तीला दिलेल्या बक्षीसपत्रासाठी आहे. ट्रस्टींच्या नावे घर करताना ती मिळेलच असं धरून चालू नका. नाही मिळाली तर बाजारमूल्यावर पाच ते सात टक्क्यांच्या घरात शुल्क भरायची वेळ येऊ शकते, आणि कोथरूडच्या दरांनी ती रक्कम किती होते हे तुम्हाला ठाऊक आहे. तेच घर मृत्युपत्रानं ट्रस्टला दिलं तर मृत्युपत्रावर मुद्रांक शुल्क नाही. शिवाय तुम्हाला उद्या लिफ्ट असलेल्या इमारतीत जायचं झालं, तर स्वतःचं घर विकायला ट्रस्टींची संमती घेत बसावं लागू नये.

म्हणून तुमच्यासाठी मी दोन पायऱ्यांची रचना सुचवेन. पहिली, हयातीतच एक छोटा ट्रस्ट. पंधरा-वीस लाखांची एफडी त्यात वळवायची. तुम्ही दोघं आणि आणखी एक जण ट्रस्टी. तुम्ही दोघं असेपर्यंत तो रद्द करता यावा, आणि दोघांनंतर तो कायम व्हावा. हा अधिकार डीडमध्ये स्पष्ट शब्दांत राखून ठेवावा लागतो, नाहीतर सर्व सज्ञान लाभार्थ्यांच्या संमतीशिवाय ट्रस्ट रद्द होत नाही, आणि तुमचा मुलगा तशी संमती देऊ शकत नाही. त्या व्याजावरचा कर तुम्हाला भरावा लागेल. तो भरा. हातातलं नियंत्रण त्याहून मोलाचं आहे. दुसरी पायरी, दोघांची स्वतंत्र मृत्युपत्रं. जो आधी जाईल त्याचं दुसऱ्याला, आणि दोघांनंतर कर्वेनगरचा फ्लॅट आणि ठरवाल तेवढी रक्कम या ट्रस्टच्या ट्रस्टींना.

कुणी म्हणेल, मग ट्रस्टसुद्धा मृत्युपत्रातच लिहा, आत्ता कशाला? कायद्यानं चालतं. पण मृत्युपत्र माणूस गेल्यावर जागं होतं. अर्धांगवायूनं वडील अंथरुणाला खिळलेत, आईला विस्मरण होतंय, दोघंही हयात आहेत आणि एफडी मोडायला सही करणारं कुणी नाही, अशी घरं मी बरीच पाहिली. चालू खात्याचा, चालू पॅनचा, तिसरा ट्रस्टी तयार असलेला छोटा ट्रस्ट अशा वेळी मुलाचा दर महिन्याचा खर्च थांबू देत नाही.

कोथरूडचं घर कुणाला, हा निर्णय तुमचा. मुलगा तिथेच राहावा असं वाटत असेल तर तेही ट्रस्टकडे जाऊ द्या, नसेल तर मुलीला द्या. तिचा वाटा मोकळेपणानं तिच्या नावावर असावा, भावाच्या ट्रस्टमध्ये मिसळू नये असं मला वाटतं.

साताऱ्याची जमीन या सगळ्यातून बाहेर ठेवा. ती अजून सामाईक आहे, तुमचा हिस्सा वाटप होऊन वेगळा झालेला नाही. आणि वडिलोपार्जित सहदायिक मालमत्तेत मुलीचाही जन्मतः हक्क आहे. २००५ च्या दुरुस्तीनं तो आला, आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यावरची शंका मिटवली. तिच्या वाट्याचं तुम्ही ट्रस्टला देऊ शकत नाही. त्यात पश्चिम महाराष्ट्रात १९४८ चा कूळ कायदा शेतकरी नसलेल्याकडे शेतजमीन जाऊ देत नाही. ट्रस्टींच्या नावे फेरफार टाकायला गेलात तर तलाठ्याकडेच अडेल. भावांशी बोलून वाटप करून घ्या. जमेल तर हिस्सा विका आणि येणारे पैसे कायद्यानं ज्याच्या त्याच्या वाट्याला जाऊ द्या.

(तुमच्या व्याह्यांचं घर गोव्यात आहे असं तुम्ही लिहिलंय. ते असलाच विचार करत असतील तर त्यांना हे उत्तर जसंच्या तसं लागू नाही. तिथे पोर्तुगीज काळापासूनचा दिवाणी कायदा आणि २०१२ चा उत्तराधिकार कायदा आहे. जोडीदाराचा सहसा अर्धा वाटा असतो, आणि मुलं असताना आपल्या वाट्यातल्या अर्ध्याचीच मर्जीप्रमाणे व्यवस्था लावता येते. त्यांनी गोव्यातल्याच वकिलांना विचारावं.)

आता ट्रस्टी. इथे मला थोडं स्पष्ट बोलावं लागेल, मुलीवर अविश्वास म्हणून नाही.

मुलानंतर ट्रस्टमध्ये उरेल ते कुणाला, हे डीडमध्ये लिहावंच लागतं. तुम्ही साहजिकच मुलीचं किंवा तिच्या मुलांचं नाव घालाल. मग भावावर आज खर्च केलेला प्रत्येक रुपया तिच्या घरातून उद्या कमी होतो. ती असा विचार करणारही नाही. पण भावाला चोवीस तासांचा सोबती ठेवायचा की दिवसापुरता, चांगल्या संस्थेत ठेवायचं की स्वस्त, असे प्रश्न येतील तेव्हा निर्णय घेणारे दोघंही त्याच घरातले असू नयेत. एका घरात अक्षम पुतणीच्या ट्रस्टचा सख्खा काका एकटाच ट्रस्टी होता. त्यानं ट्रस्टची ठेव ‘सहा महिन्यांपुरती’ म्हणून स्वतःच्या धंद्यात वापरली. कायद्याला हे मान्य नाही. ट्रस्टीनं ट्रस्टच्या पैशातून स्वतःचा फायदा करून घेऊ नये आणि मागितल्यावर हिशेब दाखवावा, असं कायदा सांगतो. पण हिशेब मागणार कोण? लाभार्थी तर ती मुलगी, जिला बँकेचं पासबुक आणि शाळेची वही यातला फरक कळत नव्हता.

म्हणून तुम्हा दोघांनंतर तीन ट्रस्टी: मुलगी, पुण्यात राहणारा तुमच्याहून तरुण एक नातलग, आणि नात्याबाहेरचा एक जण. तुमचे सीए, पत्नीच्या शाळेतले जुने सहकारी, कुणीही चालेल, पण तुमच्याहून पंधरा-वीस वर्षांनी लहान हवा. समवयस्क मित्राला ट्रस्टी करणं ही मला सगळ्यात जास्त दिसणारी चूक. सह्या कोणत्याही दोघांच्या, असं डीडमध्ये लिहा. ते लिहिलं नाही तर कायद्यानं सगळ्यांनी मिळूनच वागावं लागतं आणि न्यू जर्सीतून सही येईपर्यंत सोसायटीचा चेक अडकतो. ट्रस्टी वारला, थकला, नको म्हणाला तर त्याच्या जागी कोण आणि कुणी नेमायचा, तेही लिहा. ट्रस्टीला मोबदला द्यायचा असेल तर लिहा, कारण डीडमध्ये नसेल तर तो मागता येत नाही. बाहेरच्या माणसानं वीस वर्षं फुकट राबावं ही अपेक्षा मी तरी ठेवणार नाही. गुंतवणुकीचंही तसंच. म्युच्युअल फंड, सरकारी रोखे, एफडी, जे चालेल ते नावानिशी लिहा. डीड गप्प असेल तर ट्रस्टींचे हात बांधले जातात. दर वर्षी सीएकडून हिशेब तपासून त्याची प्रत ट्रस्टी नसलेल्या एका व्यक्तीकडे, समजा मुलाच्या मावशीकडे, गेलीच पाहिजे असं एक कलम मी न चुकता घालते. काकाच्या त्या प्रकरणानंतर एकही डीड मी त्याशिवाय केलेलं नाही.

मुलगी अमेरिकेत असल्यानं आणखी एक गोष्ट. तिथल्या रहिवाशाला परदेशी ट्रस्टमधून काही मिळालं तर ते तिथल्या कर खात्याला फॉर्म ३५२० वर कळवावं लागतं, आणि न कळवल्यास दंड जबर असतो. भारतातल्या खात्यांवर तिला सहीचा अधिकार असेल आणि वर्षात कधीही त्यांची एकूण शिल्लक १०,००० डॉलरच्या वर गेली, तर ती खातीही तिला दर वर्षी जाहीर करावी लागतात. तिनं आपल्या तिकडच्या कर सल्लागाराशी बोलून मगच हो म्हणावं. तो भार नको असेल तर ती ट्रस्टी न होता हिशेब पाहणारी राहू शकते.

मुलानंतर उरलेलं एखाद्या संस्थेला द्यायची इच्छा बरेच पालक बोलून दाखवतात. चांगली इच्छा आहे. पण हयातीत केलेल्या ट्रस्टला तुम्ही दिलेली रक्कम करातून सुटते, ती तो ट्रस्ट केवळ नातलगांच्या फायद्यासाठी आहे म्हणून. संस्थेचं नाव मध्ये आलं की तिथेच प्रश्न उभा राहतो. संस्थेला द्यायचं ते मृत्युपत्रातून वेगळं द्या.

पैशाचं झालं. आता मुलाचं.

मूल १८ वर्षांचं झालं की आईवडीलही त्याचे आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. तुमच्या पत्रावरून वाटतं की पालकत्वाचा दाखला घेतलेला नाही. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता यांसाठी १९९९ चा राष्ट्रीय न्यास कायदा आहे. त्याखाली जिल्ह्यात स्थानिक स्तर समिती असते, जिल्हाधिकारी दर्जाचे अधिकारी तिच्यावर असतात. तिथे अर्ज करून पालक नेमून घ्या. कोर्टाच्या मानानं हा रस्ता सोपा आहे. तुमच्या नंतर पालक कोण व्हावा हे मृत्युपत्रातही लिहून ठेवा, आणि तो माणूस ट्रस्टींपैकी नसेल तर उत्तम. मुलाजवळ राहून त्याला सांभाळणारा आणि पैसा सांभाळणारा हे दोघं वेगळे असले की दोघांचंही एकमेकांवर लक्ष राहतं.

तुम्ही राज्य सरकारचे निवृत्त कर्मचारी आहात, म्हणजे तुम्हा दोघांनंतर अक्षम मुलाला तहहयात कुटुंबनिवृत्तीवेतन मिळू शकतं. त्यासाठी त्याचं नाव आणि वैद्यकीय प्रमाणपत्र तुमच्या हयातीतच निवृत्तीवेतनाच्या कागदपत्रांत लावून घ्या. हे काम मी ट्रस्टच्याही आधी करायला सांगेन. तुमच्यामागे मुलीला कोषागारात खेटे घालावे लागू नयेत.

बँकेत आणि फंडात मुलाचं नाव नॉमिनी म्हणून असेल तर ते बदला. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. शेअर्सच्या बाबतीतही सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०२३ मध्ये तेच सांगितलं. पण पैसे आधी त्याच्या हातात जातात, आणि तुमच्या मुलाच्या हातात ते अडकून पडतील.

मुलाला कसं सांभाळायचं याची एक वही घाला. दोनशे पानी, साधी. माझ्याकडच्या एका आईनं लिहिलेली वही मी डीडइतकीच जपून पाहिली होती. ‘डाव्या हाताची बोटं चाळवायला लागला की फिट येणार, लगेच खाली बसवायचं.’ ‘गोळी केळ्यात घालून द्यायची, पाण्याबरोबर थुंकतो.’ ‘अनोळखी माणसानं खांद्याला हात लावला तर ओरडतो, आधी नाव घेऊन हाक मारायची.’ ‘दर गुरुवारी मठात न्यायचं, नाही नेलं तर रात्री झोपत नाही.’ डॉक्टरांची नावं, गोळ्यांचे डोस, कपड्यांचं माप, आवडता पंखा कुठला, तेसुद्धा होतं. ट्रस्टींनी ही वही वाचून तिच्याप्रमाणे खर्च करावा, असा एका ओळीचा उल्लेख डीडमध्ये करता येतो. मी तो करते. पुढे ‘रिक्षानं दर गुरुवारी मठात’ हा खर्च कशाला, असं विचारणाऱ्या ट्रस्टीला उत्तर तयार असतं. तुमच्या घरात ही वही पत्नीनं लिहायला घ्यावी, रोज चार ओळी. तुम्ही औषधांची आणि कागदपत्रांची पानं भरा.

मुलीला आत्ता सांगावं का? हो, आणि मसुदा पक्का व्हायच्या आधी. तिच्या सवडीच्या वेळी व्हिडिओ कॉल लावा, जावईही असू देत. कोथरूडचं घर कुणाला, ट्रस्टमध्ये किती, उरलेलं कुणाला, तिसरा ट्रस्टी बाहेरचा का, हे तुम्ही दोघांनी आपल्या तोंडानं सांगा, वकिलाकरवी नको. मग मसुदा तिला पाठवा आणि पंधरा दिवस द्या. एखादं कलम तिला टोचलं तर ती तुम्हाला आत्ता सांगू शकते, आणि ते आत्ता बदलता येतं.